गडद गाडी, पिवळा फडका आणि स्प्रे डिटेलर: कोणता घ्यावा, कसा वापरावा?

गडद_निळाई (पुणे)

मंडळी, गेल्या महिन्यात गाडी घेतली. रंग गडद निळा. घरचे सगळे पांढरी घे म्हणत होते, ऐकलं नाही, आता भोगतोय.

काल रात्री पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली बॉनेटकडे जरा तिरपं वाकून पाहिलं, तर ट्यूबच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं. कोळ्याने विणावं तसं. पाच आठवड्यांची गाडी! कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सोसायटीत गाड्या पुसणारे मामा रोज पहाटे एक बादली आणि एक पिवळा फडका घेऊन येतात. माझी गाडी रांगेत अकरावी. माझ्या बॉनेटवर फडका येईपर्यंत त्या बादलीत दहा गाड्यांची माती उतरलेली असते.

मामा माणूस चांगला, त्यांना काही बोलवत नाही. म्हणून ठरवलं, आपणच पुसू. गाडीवर फवारून पुसायचा स्प्रे ऑनलाइन शोधायला बसलो तर डोकं गरगरलं. क्विक डिटेलर, स्प्रे वॅक्स, सिरॅमिक डिटेलर, ग्राफीन, वॉटरलेस वॉश. बाटल्या सारख्या, सगळ्यांवर पाण्याच्या थेंबांचे फोटो. सिरॅमिक लिहिलेली एक मागवली, मारली. थेंब असे टपोरे उभे राहिले की बायकोला मुद्दाम खाली बोलावून दाखवले. (ती "बरं" म्हणाली.) तीन दिवसांनी बघतो तर जिथे जिथे थेंब होता तिथे पांढरी कडी. आमच्याकडे पाणी टँकरचं.

तर प्रश्न: रोजच्या धुळीसाठी नेमकं काय घ्यावं? आणि शोरूमवाले 'टेफ्लॉन कोटिंग करून घ्या, पाच वर्षं बघायला नको' म्हणून मागे लागलेत, त्याचं काय?

खटारा८००

आमच्या तीर्थरूपांनी मारुती आठशे एकवीस वर्षं जुन्या बनियनने पुसली. डिटेलर म्हणजे काय हे त्या गाडीला शेवटपर्यंत कळलं नाही. हलके घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गडद_निळाई

@खटारा८००, रंग कोणता होता?

खटारा८००

पांढरा. :)

पॅनेलवेडा

नावांच्या जंजाळात शिरू नका. बाटलीत काय आहे, ते रंगावर किती दिवस टिकतं आणि तुमचा शत्रू कोण, एवढंच बघायचं.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला ३५ ते ५०. म्हणजे डोक्याच्या केसाएवढीही जाडी नाही म्हणा. तुम्हाला दिसलेलं जाळं याच थरावर आहे. रस्त्याच्या धुळीत बारीक वाळू असते, ती क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. ती फडक्याखाली आली की ओरखडा पडणारच. पांढऱ्या गाडीवरही पडतो, फक्त दिसत नाही. खटारा८०० यांच्या गाडीवर एकवीस वर्षांचा इतिहास कोरलेला असणार.

आता बाटल्या. क्विक डिटेलर म्हणजे मुख्यतः पाणी, थोडा साबणाच्या जातीचा पदार्थ आणि बुळबुळीतपणा आणणारे पॉलिमर. हलकी धूळ आणि बोटांचे ठसे उचलायचे, एवढंच त्याचं काम. मागे फारसं काही राहत नाही. स्प्रे वॅक्समध्ये बहुधा कार्नौबा असतं. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण, साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं. झळाळी छान, टिकतं काही आठवडे, आपल्या पावसात तेवढंही नाही. सीलंट स्प्रेत सिलिकोनसारखे पॉलिमर असतात, ते त्याहून चिवट. आणि 'सिरॅमिक' स्प्रे हा त्याच घराण्यातला, सिलिकाची संयुगं घातलेला धाकटा भाऊ. स्टुडिओत दोन दिवस गाडी ठेवून, आधी पॉलिश करून, छोट्या पॅडवर थेंब थेंब घेऊन लावतात ते कोटिंग वेगळं. बाटलीवर शब्द एकच असला तरी दोघांना एका पंक्तीत बसवू नका.

टेफ्लॉनबद्दल: टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर बसवायला भट्टी लागते. तुमच्या बॉनेटवर ती भट्टी कोण लावणार? त्या नावाने जे लावतात ते बहुतेक वेळा पॉलिमर सीलंट असतं. वाईट नसतं, पण पाच वर्षं विसरा.

धुळीसाठी तुम्हाला साधा क्विक डिटेलर पुरे. संरक्षणासाठी दर दोन-तीन महिन्यांनी, गाडी नीट धुतल्यावर, एखादा सीलंट. दोन कामं आहेत, ती एका बाटलीकडून करून घ्यायला गेलात की दोन्ही अर्धवट होतात.

सिरॅमिक_शपथ

असहमत. मी गाडी घेतल्याबरोबर चांगल्या स्टुडिओत कोटिंग करून घेतलं. ९एच. आता नाणं घासलं तरी काही होत नाही. हे दर आठवड्याला फुसफुस करत बसण्यापेक्षा एकदाच काय ते करा.

पॅनेलवेडा

कोटिंगला माझा विरोध नाही, माझ्याही गाडीवर आहे. पण ९एच ही पेन्सिलींची मोजपट्टी आहे. ९एचच्या पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळू पेन्सिलीपेक्षा फार वरच्या इयत्तेतली. नाण्याचा प्रयोग कृपया परत करू नका. आणि कोटिंग असलेली गाडी जर तोच पिवळा फडका रोज पुसणार असेल तर जाळं कोटिंगवर पडेल, इतकंच.

बोअरवेल_बाबा (पिंपरी)

धागाकर्त्याच्या पांढऱ्या कड्यांबद्दल कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. नोकरी रसायनांच्या कारखान्यात, पाण्याशी रोजचा संबंध.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. बादलीला आणि गीझरच्या कॉइलला जो पांढरा थर चढतो तोच हा. पाणी पसरून वाहून गेलं तर क्षारही बरेचसे वाहून जातात. पण सिरॅमिक स्प्रेने थेंब टपोरा गोल होऊन जागच्या जागी उभा राहतो. उन्हात पाणी उडतं, क्षार तिथेच, विशेषतः कडेला. म्हणून कडी. म्हणजे बाटलीने आपलं काम चोख केलं, पाणी तुमचं.

थेंब उभे राहणं म्हणजे संरक्षण असं सगळे धरून चालतात. मेण लावलेल्या केळीच्या पानावरही थेंब उभे राहतात हो! (पान न लावताच मेणचट असतं, कळलं ना.) थेंब एवढंच सांगतो की वरचा थर पाण्याला जवळ करत नाही. उन्हापासून, चिकापासून, वाळूपासून तो किती वाचवेल हे थेंबावरून कळत नाही. क्षाराचं पाणी असेल तिथे पाणी पातळ पसरून घसरू देणारं उत्पादन शोधा, आणि गाडी धुतल्यावर उन्हात वाळू देऊ नका. धुवून लगेच कोरडी करणं हे कुठल्याही स्प्रेपेक्षा मोलाचं.

कड्या काढायच्या तर: पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारखं घ्या, गाडी सावलीत, पत्रा गार. ओला फडका कडीवर मिनिटभर ठेवा, हलक्या हाताने उचला, भरपूर पाण्याने धुवा. मग जे लावायचं ते परत लावा, कारण व्हिनेगर वरचा थरही थोडा घेऊन जातं. दोनदा करूनही कडी दिसत असेल तर ती क्लिअर कोटमध्ये उतरलीय, तिथे पॉलिशच. जितकी जुनी तितकी जिद्दी, तेव्हा याच रविवारी करा.

हापूसखाली (रत्नागिरी)

आमच्याकडे पाणी गोड, पण झाडं आहेत ना! मोहोर आला की तुडतुडे येतात, आणि आंब्याखाली लावलेल्या गाडीवर बारीक चिकट ठिपके पडतात. आम्ही त्याला चिकटा म्हणतो. सकाळी हात लावला की साखरेच्या पाकात बोट घातल्यासारखं. तसाच राहू दिला की त्यावर काळी बुरशी धरते.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. चिकट्यावर क्विक डिटेलर मारला आणि पुसायला घेतलं. वर जांभ्याची लाल धूळ बसलेली. फडका तिसऱ्या फटक्याला चिकटून बसला, आणि बॉनेटवर लाल गिलावा झाला. त्याखालचे ओरखडे अजून आहेत, पाहुण्यांना दाखवतो. चिकट्याला कोमट पाणी आणि गाडीचा शाम्पू, पाच मिनिटं भिजत ठेवून. आधी सीलंट लावलेलं असेल तर लवकर सुटतो, हे मात्र खरं. म्हणून मी थंडीच्या सुरुवातीला एकदा लावून ठेवतो.

खाऱ्या हवेवर उपाय म्हणून स्प्रे विकत घेणाऱ्यांनी पैसे वाचवावेत. गंज चाकांच्या कमानीतून, खालच्या पट्टीतून आणि दगड उडून रंग निघालेल्या टिकलीतून सुरू होतो. वरून कितीही चमकवा, तो खालून येतो.

गिरगावची_गाडी (मुंबई)

आम्हाला तुडतुडे नाहीत, कबुतरं आहेत. त्यासाठी डिटेलरची छोटी बाटली आणि दोन फडके कायम डिकीत. कबुतराने प्रसाद दिला की घरी जाईपर्यंत थांबायचं नाही. उन्हात क्लिअर कोट तापून जरा मऊ पडतो, वर ती घाण वाळून आकसते, आणि संध्याकाळी रंग थंड होतो तो त्या आकाराचा ठसा घेऊनच. शिवाय त्यात युरिक आम्ल. पुसू नका मात्र! त्यात दाणे, कच असते. फडका डिटेलरने ओला चिंब करायचा, दोन-तीन मिनिटं वर ठेवायचा, मग चिमटीत धरून उचलायचा.

गणपतीतल्या गुलालाला हा नियम उलटा. कोरडा गुलाल आधी पाण्याच्या धारेने उडवा. ओला फडका लावला की गुलाबी गाडी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत अशा तीन-चार तरी दिसतात.

कावेरीकाठ (बंगळूर)

पाण्यावरून आठवलं. मार्च २०२४ मध्ये इथे टंचाई इतकी झाली की जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायला बंदी घातली, दंड ५,००० रुपये. तेव्हापासून मी रिन्सलेस वॉशवर आलो. बादलीभर पाण्यात झाकणभर द्रव, पुन्हा धुवायची गरज नाही. ऑप्टिमम या कंपनीच्या द्रवाचं प्रमाण १ ला २५६, म्हणजे दहा लिटरला साधारण ४० मिली. सात-आठ मायक्रोफायबर त्यात बुडवून ठेवायचे, प्रत्येक भागाला नवा फडका, वापरलेला परत बादलीत टाकायचा नाही. तेच द्रव जास्त घट्ट करून स्प्रे बाटलीत भरलं की क्विक डिटेलर म्हणूनही चालतं. एका बाटलीत वर्ष निघतं.

अवांतर: शेजारचे काका अजून विचारतात, "गाडी धुतलीस की नुसती पुसलीस?"

घडीची_पोळी

बाटल्यांवर एवढं रामायण आणि फडक्यावर दोन ओळी? गाडी माझी, पुसतेही मीच, तेव्हा सांगते.

३५० ते ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) मायक्रोफायबर घ्या, शिवणीची जाड किनार नसलेला. लेबल उसवून काढा, कात्रीने कापलं तर खुंट राहतो आणि तोच घासतो. फडका चौघडी करा: दोन बाजू आणि आतल्या घड्या उलटल्या की आठ स्वच्छ पानं मिळतात. पोळीची घडी घालता येते त्याला हे शिकवावं लागत नाही.

आता पुसणं. पत्रा गार हवा. तळहातापेक्षा हाताची मागची बाजू टेकवून बघा, चटकन कळतं. अर्ध्या दरवाजाएवढ्या भागावर दोन फवारे, एक फवारा फडक्यावर. अर्धा मिनिट थांबा. मग फडका ठेवायचा आणि ओढायचा, सरळ रेषेत, नुसत्या त्याच्या वजनाने. गोल गोल नाही, मागेपुढे नाही. एका ओढीनंतर फडक्याचं पान बघा. राखाडी झालं असेल तर पान उलटा. दुसऱ्या कोरड्या फडक्याने हलकेच शेवटचा हात. टपापासून सुरू करून खाली यायचं. दारांचा खालचा वीतभर भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण खरी वाळू तिथेच. तो फडका नंतर चाकांना.

आणि डिटेलर मारण्याआधी बॉनेटवर बोटाने नाव लिहून बघा. अक्षर उमटलं तर बाटली ठेवा आणि गाडी धुवा. एवढ्या धुळीला कुठलाही स्प्रे पुरत नाही.

फडके वेगळे धुवायचे, टॉवेल-चादरींबरोबर नाही. सॉफ्टनर अजिबात नको, धागे बुजतात आणि फडका नुसता पाणी फिरवत बसतो. जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. माझ्या नवऱ्याने पडलेला झटकून परत वापरला होता. त्याला आता फक्त आरसे पुसायला देते.

खटारा८००

वाचनखूण साठवली. बनियनला लेबल नसतं, एवढंच नम्रपणे नोंदवतो.

श्टुटगार्टी (जर्मनी)

इथे घरासमोर गाडी धुणं बहुतेक गावांत मना, साबणपाणी गटारात जातं म्हणून. शनिवारी नाणी घेऊन सेल्फ-वॉशच्या बॉक्ससमोर रांग लावायची. धुऊन झाल्यावर माझी एक सवय: गाडी ओली असतानाच प्रत्येक भागावर एकेक फवारा डिटेलर आणि मग कोरडी करायची. फडका घसरत जातो, ओरखडा कमी, आणि क्षाराच्या कड्यांना वावच मिळत नाही. धागाकर्त्यांना पुण्यात हे नक्की उपयोगी पडेल. इथला शत्रू वसंतातले पिवळे परागकण आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. डिटेलर बनवणारी सोनॅक्स कंपनी इथलीच, बव्हेरियातल्या नॉयबुर्गची, तिच्या बाटल्या इथे सुपरमार्केटातही दिसतात.

लांबीवाला

आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. आमच्या बाजूनेही ऐका.

गाडी रंगाला आणाल तेव्हा काय काय फवारलंय ते आधी सांगा. सिलिकोन पत्र्यावर राहिलं की नवा रंग तिथून पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे बारीक खळगे पडतात. मग सगळं घासून पहिल्यापासून. आम्ही पुसून घेतोच, पण डॅशबोर्डचा चकचकीत स्प्रे हौसेने बाहेरून मारणारी मंडळी असतात. दाराच्या रबरात तो महिनोन्‌महिने दडून बसतो.

दुसरं. आमच्याकडून बंपर रंगवून नेलात तर त्यावर निदान महिनाभर मेण, सीलंट, सिरॅमिक काही नको. रंगातला थिनर उडून जाऊ द्या. साधं पाणी आणि मऊ फडका चालेल. नव्या गाडीला ही अट नाही, कारखान्यात रंग भट्टीत भाजूनच निघतो.

गडद_निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. व्हिनेगरचा प्रयोग केला. बॉनेटवरच्या कड्या गेल्या, टपावरच्या चार-पाच राहिल्या, त्या बहुधा आत गेल्यात. शोरूमला 'कोटिंग नको' असं कळवलं. एक शंका: डिटेलर काचेवर चालतो का? आणि एक बाटली किती पुरते?

पॅनेलवेडा

बाजूच्या काचांना चालेल. पुढच्या काचेवर नको. वायपर थरथरतो आणि पावसात रात्री समोरचे दिवे पसरलेले दिसतात. एका वेळेला २५-३० मिलीच्या वर जात असेल तर तुम्ही जास्त मारताय. जास्त मारला की चमक वाढत नाही, चट्टे उठतात, दमट हवेत तर जास्तच. बाटली उन्हात तापणाऱ्या डिकीत वर्षभर ठेवू नका, फुटलेल्या दुधासारखं पाणी वेगळं होतं. गिरगावकरांसारखी छोटी ठेवा, संपवत राहा.

जाळ्यासाठी आता लगेच पॉलिश करू नका. प्रत्येक पॉलिशला क्लिअर कोट थोडा जातो, आणि तुमच्याकडे तो मोजकाच आहे. आधी कारण बंद करा.

गडद_निळाई

कारण म्हणजे मामा. तेच तर अवघड आहे.

घडीची_पोळी

अवघड काय त्यात? बोला त्यांच्याशी.

गडद_निळाई

(तीन आठवड्यांनी)

बोललो. पहाटे साडेपाचला उठून खाली गेलो. मामा तिसऱ्या गाडीवर होते. त्यांना मोबाइलचा टॉर्च लावून बॉनेटवरचं जाळं दाखवलं. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. "हे माझ्यामुळं?" म्हणाले. मला कसंसंच झालं. म्हटलं, तुमच्यामुळं नाही मामा, बादलीतल्या मातीमुळं. त्यांना दोन मायक्रोफायबर दिले आणि सांगितलं, माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि आरसे पुसायचे. रंगाला हात लावायचा नाही, तो रविवारी मी बघतो.

मामांनी फडका हातात घेऊन चुरगाळून बघितला. मग विचारलं, "पगार तेवढाच ना?"

तेवढाच म्हटलं. तेव्हापासून काचा लखलखीत आहेत. काल बघितलं, बाराव्या नंबरच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट मामा माझ्याच मायक्रोफायबरने पुसत होते. चौघडी करून.